शिष्यवृत्तीचे पैसे कोणत्या वाटेनं येतात?

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की शिष्यवृत्ती, फी माफी, एज्युकेशन लोन, काय अडलंय ते लिहा. पत्रं भरपूर आली, आणि वाचताना जीव खाली-वर झाला, कारण निम्म्या पत्रांत प्रश्न नव्हताच, गेलेल्या पैशांची हकीकत होती. मी स्वतः कॉलेजच्या ऑफिसात 19 वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलंय, कागदी फॉर्मच्या गठ्ठ्यांपासून महाडीबीटी या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलपर्यंत, त्यामुळे उत्तरं थोडी टेबलामागच्या माणसाची वाटतील, चालवून घ्या.

बार्शीहून एक आई लिहितात: मुलगा बारावीला आहे. फोन आला, शिष्यवृत्ती विभागातून बोलतोय, मुलाचं नाव, शाळेचं नाव सगळं बरोबर सांगितलं. 18,500 मंजूर झालेत म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होतील. टाकला तर खात्यातून तेवढेच गेले. घरात अजून सांगितलं नाहीये. आता काय करू?

ताई, आधी 1930 ला फोन लावा, हे पुढचं वाचायच्या आधी लावला तरी चालेल. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले तिथपर्यंत बँकांना कळवतात आणि रक्कम अजून तिथेच पडून असेल तर ती अडवता येते. ते लोक तासाभरात पैसे चार खात्यांत फिरवतात म्हणून घाई. मग बँकेत जाऊन लेखी द्या आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या साइटवर पण तक्रार टाका. पैसे नक्की मिळतील असं मी म्हणणार नाही, पिन तुम्ही स्वतः टाकलाय असं बँक म्हणेल, पण तक्रार केल्याशिवाय शक्यताच नाही. आणि घरात सांगा हो. लपवलं की तोच माणूस आठ दिवसांनी 'पैसे परत मिळवून देतो, प्रोसेसिंग फी भरा' म्हणून परत फोन करतो, हे मी बघितलेलं आहे.

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे द्यायला किंवा बॅलन्स बघायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. मुलाचं नाव त्यांना कसं कळलं याचं फार आश्चर्य वाटून घेऊ नका, क्लासच्या याद्या, झेरॉक्सच्या दुकानातले कागद, कुठूनही जातं. ट्रूकॉलरवर 'स्कॉलरशिप ऑफिस' असं आलं तरी भुलू नका, ते नाव कोणीही टाकू शकतं.

खरी शिष्यवृत्ती कशी येते ते सांगतो, म्हणजे चोर ओळखायला वेगळी अक्कल लागणार नाही. आधी तुम्ही अर्ज करता. अर्जच केला नसेल तर मंजूर काय होणार? मग अर्ज कॉलेजात क्लार्क आणि प्राचार्य असा दोनदा तपासला जातो, तिथून त्या-त्या खात्याच्या ऑफिसात जातो, काही चुकलं असेल तर 'सेंड बॅक' होऊन तुमच्याच लॉगिनला परत येतो, आणि शेवटी पैसे आधारला जोडलेल्या खात्यात आपोआप पडतात. या अख्ख्या वाटेवर तुम्ही पैसे पाठवायची जागा कुठेच नाही. महाडीबीटीला अर्जाची फी नाही, केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टललाही नाही.

बीडचा एक विद्यार्थी: फॉर्म नेट कॅफेवाल्या दादाकडून भरला. त्यानं स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. आता पासवर्ड मागितला तर म्हणतो शिष्यवृत्तीतले 10 टक्के दे.

हे प्रकरण मला सगळ्यात जास्त चीड आणणारं, कारण हा लांबचा चोर नाही, गावातलाच, रोज रामराम घालणारा. फॉर्म भरून देण्याचे, स्कॅन करण्याचे शे-दीडशे रुपये घेतले तर ती त्याची मजुरी, त्यात गैर काही नाही. पण टक्केवारी कसली? तुझा आधार नंबर असेल आणि आधारला तुझा स्वतःचा मोबाइल जोडलेला असेल तर आधारच्या ओटीपीनं लॉगिन करून बघ, नंबर आणि पासवर्ड बदलून टाक. आधारलाच मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रावर जा. तरी नाही जमलं तर कॉलेजच्या ऑफिसात सांग, गप्प बसू नको, त्यानं तुझ्यासारख्या चाळीस जणांचे नंबर अडकवलेले असतात. पुढच्या वर्षी कॅफेतच बसून भर हवं तर, पण कीबोर्डवर बोटं तुझी पाहिजेत.

अमरावतीहून: अर्ज अ‍ॅप्रूव्ह दाखवतंय, मित्राचे पैसे आले, माझे नाही. कोणाला पैसे द्यावे लागतात का?

कोणालाही नाही. बहुतेक वेळा घोळ आधार सीडिंगचा असतो. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत म्हणून ते एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधली पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेकडे, सीड होणं (नोंदलं जाणं) वेगळं, बँकेतला माणूसही कधी कधी हा फरक सांगत नाही, 'लिंक आहे की' म्हणून हाकलून देतो. पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात. तू मध्ये सिम घेताना किंवा मोबाइलच्या दुकानात अंगठा देऊन एखादं छोटं खातं उघडलंयस का आठव, पैसे तिकडे जाऊन बसलेले सापडतील. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून पर्याय आहे, तिथे बँकेचं नाव दिसतं. बाकी हप्ते मागेपुढे होतात, शासनाकडून पैसे उशिरा येणं हा तर जुनाच आजार.

साताऱ्याहून वडील: मुलींना फी माफ झाली म्हणतात, मग इंजिनिअरिंग कॉलेज मुलीकडून फी का मागतंय?

काका, 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे, 2024-25 पासून व्यावसायिक कोर्सला, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के शासन भरतं. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला असेल तर हे लागू नाही. आणि हॉस्टेल, मेस, बस यातलं काही माफ नाही, बातमीत 'मोफत शिक्षण' एवढंच छापून येतं त्यामुळे घरोघरी भांडणं. मुलगी बसत असेल आणि तरी आधी सगळी फी भरा म्हणत असतील तर तोंडी वाद घालू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि एक प्रत तंत्रशिक्षणच्या विभागीय सहसंचालक ऑफिसला. पोच मागितली की बऱ्याच ठिकाणी सूर बदलतो.

पुण्याची एक विद्यार्थिनी: परदेशात एमएससाठी एक कन्सल्टंट म्हणतो 40 हजार भर, 50 टक्के स्कॉलरशिप गॅरंटीड.

गॅरंटी द्यायला पैसे त्याचे आहेत का? ते युनिव्हर्सिटीचे. काही युनिव्हर्सिट्या जवळपास सगळ्यांनाच फीमध्ये सूट देतात आणि तिला स्कॉलरशिप म्हणतात, तीच हा तुला विकतोय. सूट धरून शेवटी भरायची रक्कम किती ते विचार, टक्के नको विचारू. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या नावाजलेल्या स्कॉलरशिपला अर्जाची फी नसते, पण अट असते, शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परत यायचं. अटी तर पूर्वीपासून आहेत. बाबासाहेब 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, महिना 11.5 पौंड, तीन वर्षं, आणि त्या बदल्यात बडोदा संस्थानात 10 वर्षं नोकरीचा करार होता. तेव्हा देणाऱ्याची अट काय आहे ते सहीच्या आधी वाच, आणि देणाऱ्याऐवजी मधल्याचीच अट आधी आली तर उठून ये.

नाशिकहून: लोन एजंट म्हणतो पीएम विद्यालक्ष्मी म्हणजे सरकारी मदत, परत करायची नाही, फक्त 2 टक्के त्याला द्यायचे.

साफ खोटं. ते कर्जच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली योजना, निवडक संस्थांमध्ये (सुरुवातीला 860 होत्या) प्रवेश मिळाला असेल तर तारण नाही, जामीनदार नाही, आणि उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात व्याजात 3 टक्के सूट. मुद्दल फेडायचंच. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर स्वतः करता येतो. तुमच्या मुलाचं कॉलेज त्या यादीत आहे का एवढं आधी बघा, नसेल तर या योजनेचं नावच सोडा आणि जवळच्या सरकारी बँकेत साध्या एज्युकेशन लोनची चौकशी करा, 4 लाखांपर्यंत तिथेही तारण मागत नाहीत. एजंटला चहा पाजा फार तर.