राइज या ऑनलाइन कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी वाक्य मोबाईलवर भलतीकडेच तुटतं. ओळी हव्या तिथे कशा तोडाव्यात?

तुमची अडचण मला समजली ती अशी: गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीसाठी सुरक्षेचा कोर्स आहे, मजकूर स्टोरीलाइन या कोर्स बनवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित दिसतो, तोच राइजमध्ये घेतला की मोबाईलवर ओळी कुठेही तुटतात. शिफ्ट-एंटर मारून, म्हणजे त्याच परिच्छेदात हाताने ओळ तोडून, जमवलं तर एका फोनवर बरं दिसतं आणि दुसऱ्यावर मधेच दोन शब्दांची ओळ उरते. मीही कोल्हापुरात हेच काम करते, इथल्याच कारखान्यांसाठी, म्हणून जरा सविस्तर सांगते.

राइजमध्ये ओळ कुठे तुटावी हे ठरवत बसू नका. कुठे तुटता कामा नये तेवढंच ठरवा, बाकीचं स्क्रीनवर सोडून द्या.

कारण दोन्ही सॉफ्टवेअरची जातच वेगळी. स्टोरीलाइनची स्लाइड ठरलेल्या मापाची असते आणि मोबाईलवर ती अख्खी आकसते, म्हणून ओळी जिथल्या तिथे राहतात. त्याची किंमत अक्षर मोजतं: १२८० पिक्सेल रुंदीची स्लाइड उभ्या फोनच्या ३६० पिक्सेलमध्ये बसवली की २८ पिक्सेलचं अक्षर जेमतेम ८ पिक्सेलचं उरतं. ओळी शाबूत, पण वाचणार कोण? राइज याच्या उलट वागतं. तिथे अक्षर वाचण्याजोगं राहतं आणि ओळी प्रत्येक फोनच्या रुंदीप्रमाणे नव्याने मांडल्या जातात. अशा ठिकाणी वाक्याच्या मधे मारलेला शिफ्ट-एंटर फक्त तुमच्या फोनपुरता बरोबर असतो. पत्ता, घोषवाक्य, एकाखाली एक नावं, अशा जिथे ओळ हाच मजकुराचा भाग आहे तिथेच तो वापरा. परिच्छेद संपला तर साधा एंटर. मोकळी जागा हवी म्हणून लागोपाठ एंटर मारत जाऊ नका, अंतराची सोय सेटिंगमध्ये असते.

आता न तुटण्याबद्दल, आणि इथे मला खरंच कळकळीने सांगायचं आहे. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘ओलं भंगार भट्टीत टाकू नये’ हे वाक्य ‘टाकू’पाशी तुटलं आणि ‘नये’ खालच्या ओळीत एकटं पडलं, तर घाईत वरची ओळ वाचणाऱ्याला काय दिसलं? ‘ओलं भंगार भट्टीत टाकू’. भंगारात पाणी असेल तर वितळलेल्या धातूत त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून माणसाच्या अंगावर येतो. पाळी बदलताना, हातमोजे काढता काढता फोनवर नजर टाकणाऱ्या माणसासाठी तुम्ही हे लिहिताय. त्यामुळे ‘टाकू नये’, ‘उघडू नका’, ‘चालणार नाही’ या जोड्या कोणत्याही स्क्रीनवर फुटता कामा नयेत. तसंच आकडा आणि एकक. ‘१४००’ एका ओळीत आणि ‘अंश’ दुसऱ्या ओळीत, हे मला चालत नाही.

यासाठी दोन शब्दांमध्ये साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस घाला, म्हणजेच नॉन-ब्रेकिंग स्पेस. वर्डमध्ये ती कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने येते. विंडोजवर ऑल्ट दाबून धरून उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर ०१६० टाइप केलं तरी बऱ्याच ठिकाणी मिळते. मी मजकूर वर्डमध्येच तयार करते आणि मग चिकटवते. चिकटवताना ती टिकली की नाही हे नुसतं बघून कळत नाही, दोन्ही स्पेस सारख्याच दिसतात. प्रीव्ह्यूची खिडकी हळूहळू अरुंद करत जा: ‘नये’ खाली उतरताना ‘टाकू’ला सोबत घेऊन उतरला की काम झालं. एकटाच उतरला तर ती जोडी पुन्हा बांधा.

पण सगळंच बांधत सुटू नका. आपले शब्द प्रत्ययांमुळे आधीच लांब असतात. ‘प्रशिक्षणार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द लहान फोनवर बरीचशी ओळ खातो. त्याला आणखी दोन शब्द चिकटवले तर वरची ओळ अर्धी रिकामी राहील. दोन शब्दांची जोडी, फार तर तीन. याच कारणासाठी मजकूर दोन्ही कडांना जुळवू नका, डावीकडेच जुळवा, नाहीतर शब्दांमध्ये खिंडारं पडतात. शब्द हाताने आडवी रेघ देऊन तोडणंही टाळा. ती रेघ दुसऱ्या फोनवर ओळीच्या मधोमध येऊन बसते.

शीर्षकाची शेवटची ओळ एकाच शब्दाची होत असेल तर सरळ शीर्षक छोटं करा. स्वतःचं एचटीएमएल लिहीत असाल तर सीएसएसच्या टेक्स्ट-रॅपमध्ये ‘बॅलन्स’ हा पर्याय आहे (क्रोममध्ये २०२३ पासून), तो शीर्षकाच्या ओळी साधारण सारख्या करतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा मोह होतो, विशेषतः इंग्रजी टेम्प्लेट घेतलं असेल तर. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते. ते शून्यावरच ठेवा. वाढवायचं असेल ते ओळींमधलं अंतर. वरून वेलांटी आणि रफार, खालून उकार, त्यामुळे अक्षराच्या मापाच्या दीडपटीखाली मी जात नाही. स्टोरीलाइनमध्ये मजकूर मावला नाही तर आपोआप लहान करण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक स्लाइडवर अक्षराचं माप वेगळं होतं. मजकुराच्या चौकटीत उजवीकडे थोडी जागाही सोडा, कारण प्रकाशित केल्यावर अक्षरांची रुंदी किंचित बदलली तरी शेवटचा शब्द खाली घसरतो.

कारखान्याकडून आलेला मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला असेल तर आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये मराठी दिसत असलं तरी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, आणि ओळ तोडताना सॉफ्टवेअर त्यांच्याच हिशोबाने चालतं. बदलल्यावर ‘करणाऱ्यांनी’, ‘दुसऱ्या’ असे शब्द शोधून तपासा. काही कीबोर्ड हा अर्धा र एका अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने लिहितात. चिकटवताना ते चिन्ह गळालं की ‘करणार्यांनी’ उरतं. नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन लिहिलं तर त्या चिन्हाची गरजच पडत नाही. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे श आणि ल हवे असतील तर ‘तिरो देवनागरी मराठी’ आहे, तो मोफत मिळतो. त्याच्या रेषा बारीक असल्याने मी तो शीर्षकांना वापरते, मोबाईलवरच्या बारीक मजकुराला नाही.

आणखी एक गोष्ट आताच विचारून घ्या: कोर्स हिंदीतही लागणार आहे का? बाहेरच्या राज्यांतून आलेले कामगार असतील तर लागेलच. स्टोरीलाइनमधून भाषांतरासाठी वर्ड फाइल काढली की मजकूर तक्त्याच्या रकान्यांत येतो. वाक्याच्या मधे एंटर मारलेला असेल तर भाषांतर करणाऱ्याला अर्ध्या वाक्यांचे तुकडे मिळतात, आणि ‘टाकू’ एका रकान्यात, ‘नये’ दुसऱ्यात जाऊ शकतं. फाइल पाठवण्याआधी मधले सगळे एंटर काढून टाका.