सिलिकॉन कोरतात की खातात?

विचारणा अशी आहे: सौर घटांवरच्या लेखाचा मराठी अनुवाद करताना 'सिलिकॉन एचिंग'ला 'सिलिकॉनवरील कोरीवकाम' आणि 'सरफेस ट्रीटमेंट'ला 'पृष्ठभागावरील उपचार' लिहिलं, तर चालेल का?

माझ्या मते पहिलं नको, दुसरं तर नकोच.

कोरणं हत्यारानं होतं. टाकी जिथं लागते तिथला दगड उडतो, बाकीचा राहतो. एचिंगचं उलट आहे. जे राहायला हवं ते आधी झाकून घ्यायचं आणि उघडं राहिलेलं रसायनाच्या हवाली करायचं. इंग्रजीत हा शब्द डच 'एत्सेन'वरून आला. तो जर्मन 'एट्झेन'चा भाऊबंद, आणि त्याचा जुना अर्थ 'खायला लावणं'. गंमत म्हणजे मराठीला हे कुणी शिकवावं लागलेलं नाही. अ‍ॅसिडनं फरशी खाल्ली, गंजानं पत्रा खाल्ला, असं आपण रोज बोलतो. तेव्हा क्रियापद घरात आहेच, ते वापरायला संकोच कशाला?

चित्रकलेवरच्या मराठी लेखनात 'अम्लरेखन' हा शब्द भेटतो आणि तिथं तो चपखल बसतो. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं त्यात रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात सोडायचा. रेम्ब्रांटची सुमारे ३०० मुद्राचित्रं याच वाटेनं झाली. तिथं अम्लही आहे आणि रेखाही. सिलिकॉनच्या बाबतीत मात्र दोन्ही गळून पडू शकतात. एकस्फटिकी सौर घटाची चकती गरम, पातळ सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवतात. म्हणजे आम्ल नव्हे, आम्लारी. आणि रेघ एकही नाही. साऱ्या पृष्ठभागावर काही मायक्रोमीटर उंचीचे चौकोनी पायाचे पिरॅमिड उभे राहतात.

ते कुणी आखून दिलेले नसतात, हे मला फार आवडतं. स्फटिकातली काही प्रतलं (अणूंचे सपाट थर) भराभर विरघळतात. ज्यांना १११ म्हणतात ती मात्र या द्रावणाला फारशी दाद देत नाहीत. खाता खाता शेवटी तीच उरतात आणि मूळ पृष्ठभागाशी ५४.७ अंशांचा कोन करून राहतात. एका उतारावरून उडालेला प्रकाश शेजारच्या उतारावर आदळतो, त्याला आत शिरायची दुसरी संधी मिळते. गुळगुळीत सिलिकॉनवरून ३० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत जातो. एवढ्या एका बुडवणीनं ते प्रमाण साधारण १० टक्क्यांपर्यंत उतरतं. याला कारखान्यात 'टेक्स्चरिंग' म्हणतात. मराठीत 'पोत देणं' म्हणा, कापडाचा पोत सगळ्यांना कळतो. 'कोरीवकाम' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे वेरूळ येणार.

हिंदीत 'निक्षारण' रूढ आहे, तो उचलावा असं कुणी सुचवेल. शब्दाचं कूळ चांगलं आहे. सुश्रुतानं 'क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः' म्हटलंय, म्हणजे जो झिजवतो, मांस खातो तो क्षार. पण आपल्याकडच्या शाळेत 'आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी' असं शिकवतात. आपला क्षार म्हणजे मीठ-वर्गातला पदार्थ, हिंदीतला 'लवण'. निक्षारण वाचून मराठी मुलाला वाटेल की पाण्यातले क्षार काढतायत! नुसतं 'क्षरण'ही नको. ते आपोआप, नको असताना होतं. एचिंग मुद्दाम आणि मोजून केलेलं असतं.

म्हणून नाम 'एचिंग'च ठेवा. प्लाझ्मा एचिंगमध्ये, म्हणजे विद्युतभारित वायूनं केलेल्या एचिंगमध्ये, तर द्रवही नसतो, तिथंही हा शब्द अडत नाही. क्रियापदं मात्र मराठी घ्या. नायट्रिक आम्ल सिलिकॉनचं ऑक्साइड करतं आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल ते ऑक्साइड विरघळवतं. हे मिश्रण सगळ्या दिशांना सारखंच खातं, त्यामुळे मास्कच्या, म्हणजे झाकणाऱ्या थराच्या, कडेखालीही शिरतं. इंग्रजीत याला 'अंडरकट' म्हणतात. आपल्याकडे 'पोखरणं' आहे, आणि ते नेमकं हेच सांगतं. 'आम्लानं मास्कखाली पोखरलं' हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. लांबट खोदाईला 'चर' आणि व्ही आकाराच्या खोदाईला 'खाच' पुरे. 'मास्क'चा 'मुखवटा' मात्र करू नका.

आता 'उपचार'. उपचार आजाऱ्यावर होतात. शेतकऱ्यानं 'सीड ट्रीटमेंट'ला 'बीजप्रक्रिया' कधीच करून टाकलंय. पेरणीआधी बियाण्याला चोळतात ती. त्याच साच्यातून 'पृष्ठप्रक्रिया' सरळ निघतो. उदाहरण घ्या. सिलिकॉन हवेत राहिलं की त्यावर एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर धरतो. त्या थरावर पाणी पसरून बसतं. चकती पातळ हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवून काढली की थर गेलेला असतो, उघड्या सिलिकॉनला हायड्रोजन चिकटलेला असतो आणि अळवाच्या पानावरून निसटावं तसं पाणी ओघळून चकती जवळजवळ कोरडीच वर येते. काम झालं की नाही, हे यंत्राआधी डोळ्यांना कळतं. (हे आम्ल काचही खातं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवतात. त्वचेतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियमही बांधून टाकतं; अनुवादात इशाऱ्याचं वाक्य असेल तर ते गाळू नका.)

पृष्ठभागाची क्रियाशीलता दाबून टाकणाऱ्या 'पॅसिव्हेशन'ला 'निष्क्रियीकरण' चालेल, जरा जड असला तरी अर्थ बरोबर आहे. 'वेफर' एकदा 'चकती (वेफर)' असं लिहून पुढं नुसतं 'चकती' ठेवा. बटाट्याचे वेफर फार प्रसिद्ध आहेत.