न लिहिलेली उधारी

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस आणि चहा पुढ्यात तसाच गार झाला. अर्ध्या तासात तुझा फोन अकरा वेळा वाजला. एक मकरपुऱ्याच्या कारखान्याचा, कॅटलॉगसाठी. एक कुणाची वेबसाइट उघडत नाही म्हणून. बाकी सगळे मखराचे. निघताना चप्पल घालता घालता तू विचारलंस, "काकू, तिन्हींतला कोणता धंदा बंद करू?" असल्या प्रश्नाला उंबऱ्यावर उत्तर देऊ नये, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

वेबसाइट-कॅटलॉगची कामं, मखरं आणि मुलांच्या गोष्टींचं ॲप, असे तीन धंदे आहेत याची मला काळजी नाही. आमच्याकडेही तीन होते. १९९६ साली रावपुऱ्यात एका खोलीत आम्ही डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं काम, करायचो, शेजारच्या टेबलावर स्क्रीन प्रिंटिंग, आणि मुहूर्ताच्या दिवसांत तुझे काका खांद्यावर कॅमेरा घेऊन लग्नाच्या मांडवात. लग्नाचं निमंत्रण गुजरातीत कंकोत्री, मराठीत पत्रिका, आणि त्याच घरचं शूटिंगही आपल्याकडे, असा आनंद होता. दोन वर्षांनी दिवाळीला वह्या घेऊन बसलो तेव्हा मात्र मला रडू आलं. वर्षभर राबून हातात काही उरलं नव्हतं, आणि कुठे गेलं ते कोणत्याच वहीत सापडेना.

सापडलं ते आमच्याकडे कामाला असलेल्या मुलामुळे. तो लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायला ठेवलेला, पगार डीटीपीच्या खात्यावर. त्याला विचारलं, गेल्या महिन्यात काय काय केलंस रे? तो म्हणाला, "अर्धा महिना तर व्हिडिओच्या मिक्सिंगलाच गेला." तेव्हा उजेड पडला. व्हिडिओचं खातं नफ्यात दिसत होतं, कारण त्या मुलाच्या पगारातला एक पैसाही त्यावर टाकलेला नव्हता. आणि ज्या आठवड्यात तो रात्र रात्र कॅसेटी घेऊन बसला होता, त्याच आठवड्यात एका कारखान्याचं दरपत्रक आमच्याकडून चार दिवस उशिरा गेलं. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. तो तोटाही व्हिडिओच्या नावावर कुठे लिहिला होता?

मला तुला एवढंच सांगायचं आहे, बाळ. एकाच माणसाचे दोन-तीन धंदे असले की ते एकमेकांना सतत उधार देत असतात. कधी तास, कधी माणूस, कधी झोप, कधी कमावलेला शब्द. गिऱ्हाइकाची दहा रुपयांची उधारी आपण लिहून ठेवतो. ही मात्र घरातलीच म्हणून कुणी लिहीत नाही. ती लिहायला लाग. एक साधी वही घे. रोज रात्री झोपण्याआधी कोणत्या धंद्याला किती तास गेले ते लिही, फोनचेसुद्धा. आणि तुझ्या तासाला एक भाव लाव. वेबसाइटच्या कामात तुला तासाला ५०० रुपये सहज मिळतात म्हणालीस, तोच धर.

आता मखर बघ. एमडीएफची (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीची) शीट आणि लेझर कटिंगची मजुरी मिळून ७०० रुपये, विक्री १,८०० ला, म्हणजे १,१०० सुटले असं तू आनंदाने सांगितलंस. पण प्रत्येकाला कमान थोडी वेगळी हवी, नाव वेगळ्या अक्षरात हवं. त्यात दीड तास, व्हॉट्सॲपवर अर्धा, जोडणी आणि पोचवण्यात एक. तीन तास झाले, म्हणजे १,५०० रुपये. दर मखरामागे वेबसाइट त्याला १,५०० उसने देते आणि त्यातले १,१०० परत येतात. गणपतीत चाळीस मखरं गेली याचा अभिमान तुला वाटला; माझ्या पोटात गोळा आला.

म्हणून बंद कर असं मी म्हणणार नाही. तीनच नमुने ठेव, बदल कुणालाही नाही, आणि गणपतीच्या तीन आठवडे आधी नोंदणी बंद. मग एका मखराला तासभरच लागेल आणि ६०० खरोखर उरतील. तुझ्यातली कलाकार यावर नाराज होईल, मला माहीत आहे. तिच्यासाठी तिसरा धंदा आहे, तिकडे येतेच.

मधेच दोन-तीन गोष्टी, रूक्ष पण अंगाशी येणाऱ्या. तिन्ही धंद्यांना तू वेगळी नावं दिली आहेस, पाट्या वेगळ्या आहेत, पण पॅन एकच आहे. जीएसटीसाठी उलाढाल पॅनवर एकत्र धरतात. सेवाही देत असल्यामुळे तुझी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे, निव्वळ माल विकणाऱ्यांची ४० लाखांची नाही. आणि मखरं मुंबई-पुण्याला पाठवायचं म्हणत होतीस, त्याआधी सीएला विचार, कारण राज्याबाहेर माल विकायचा तर नोंदणीचे नियम वेगळे आहेत.

दुसरं, वेबसाइटचा कोड तू बाहेरच्या मित्राकडून लिहून घेतेस. तो तुझा नोकर नाही, त्यामुळे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखी हस्तांतर नसेल तर तो कोड त्याचाच. पैसे दिले म्हणून तो तुझा होत नाही. लिहून घेतानाही मुदत घालायला विसरलीस तर हक्क पाचच वर्षांपुरते मिळाले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाहीस तर भारतापुरते. मैत्री चांगली आहे तोवरच कागद करा.

तिसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, केली नसशील तर या आठवड्यात कर, फुकट आहे. नोंदलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. एका शेठनी माझे पैसे सात महिने अडकवले होते, तेव्हा हा कायदा नव्हता, २००६ मध्ये आला. ते सात महिने आमच्या डीटीपीने स्क्रीन प्रिंटिंगला पोसलं. बाहेर अडकलेला पैसा असा आतल्या उधारीत शिरतो. म्हणून आमच्या वेळी मिळालं नाही ते हत्यार तू वापर.

आता तुझं ॲप. मुलांसाठी मराठी-गुजराती गोष्टी, चित्रं तुझी, आवाज आजीचा. एक रुपयाही देत नाही, आणि सांगताना तुझा चेहरा खुलतो तो त्याच धंद्याचा. ते सोडू नकोस.

तू जिथे शिकलीस ते इंजिनिअरिंग कॉलेज म्हणजे मूळचं सयाजीराव महाराजांचं कलाभवन, १८९० साली सुरू झालेलं. धुंडिराज, म्हणजे दादासाहेब, फाळके तरुणपणी तिथे शिकले. पुढे फोटोग्राफी केली, छपाईचे ब्लॉक केले, छापखाना काढला आणि भागीदारांशी पटेना तेव्हा सोडलाही. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी काय केलं ठाऊक आहे? कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचा वेल वाढताना रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराच्या धीराची ती इवलीशी फिल्म पाहून भांडवल देणारे पुढे आले, आणि १९१३ मध्ये पहिला चित्रपट झाला. मागे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. त्यांचे दागिने गेले आणि फिल्म धुण्यापासून सगळ्यात त्यांचे हात होते. त्या घराने किती उसनं दिलं ते विसरून ही गोष्ट सांगू नये असं मला वाटतं.

तुझ्या ॲपला चाळीस गोष्टींची घाई नको. एकच गोष्ट, दोन मिनिटांची, पण अशी की दाखवली की माणूस थांबून बघेल. शनिवारचे चार तास तिला दे, आणि वहीत स्वच्छ लिही: वेबसाइटकडून ॲपला २,००० रुपये. समजून दिलेलं कर्ज मनाला कुरतडत नाही. दिवाळीपर्यंत किती द्यायचं तो आकडा आजच ठरव.

आणखी एक. गणपती, नवरात्र, दिवाळी, या दोन-अडीच महिन्यांत तुझी मखरं आणि गरब्यावाल्यांची पोस्टरं एकदमच तापतात. वेबसाइटच्या, महिन्याच्या बांधलेल्या देखभालीची पाच-सहा कामं मिळव, बारा महिने येणारी. मकरपुऱ्यात ती मिळतील; कॅटलॉग घेऊन जातेसच, तेव्हाच विचार.

कोणता बंद करायचा ते सहा आठवड्यांची वही बघून ठरवू. रविवारी सकाळी ती घेऊन ये, कोरी असली तरी ये. सेव-उसळ मागवते. फोन काकांकडे ठेवायचा, ते "नंतर करा" म्हणून सांगतील.

तुझी,
काकू