गायरानावरचा गोल्फ

प्रश्न : माझे वय ६३ आहे. नोकरीनिमित्त पुण्यात असताना गोल्फ शिकलो आणि निवृत्तीनंतर गुहागरला घरी परतलो. मुलगी एडिनबरोला असते, येत्या जूनमध्ये तिच्याकडे जायचे आहे. स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर एक फेरी खेळावी, ही जुनी इच्छा आहे. पण इतक्या मानाच्या मैदानावर सभासद नसलेल्या माणसाला पाऊल तरी ठेवू देतात का? आणि समुद्रकाठच्या वाळूवरचा खेळ वेगळा असतो म्हणतात, तो कसा?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : पाऊल ठेवू देतात, आणि रविवारी तर कुत्र्याला फिरवायला आलेल्यांनाही ठेवू देतात. ओल्ड कोर्स ही कोणत्याही क्लबची मालमत्ता नाही, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नसते. जिथून पहिला फटका मारतात त्या पहिल्या टीच्या मागची दगडी इमारत १७५४ साली स्थापन झालेल्या रॉयल अँड एन्शंट क्लबची आहे, पण तिच्या पुढ्यातली जमीन सार्वजनिक असून तिचा कारभार एक विश्वस्त संस्था पाहते. गावाचे गायरान म्हटले तरी चालेल. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांना या जमिनीवर ससे पाळण्याची मुभा मिळाली, त्याच सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळण्याचा हक्कही नोंदला गेला. पुढे नगरपालिका कर्जात बुडाली, १७९७ मध्ये जमीन हातची गेली आणि सशांचा व्यापार करणाऱ्यांनी तिथे इतके ससे सोडले की व्यापाऱ्यांमध्ये आणि खेळणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे भांडणे आणि कोर्टकचेऱ्या चालल्या. १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने ती विकत घेतली म्हणून खेळ टिकला, आणि १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती गावाकडे परत आली. घरच्या जुन्या पेटीत खोतीच्या काळातले वहिवाटीचे कागद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात काहीच नवल वाटणार नाही.

खेळण्यासाठी हँडिकॅपचे, म्हणजे आपल्या खेळाची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचे, प्रमाणपत्र सोबत न्यावे लागते. जोडीदार असल्यास दोन दिवस आधी नावे द्यावीत. त्यातून सोडत निघते. एकट्याने आलेल्यांसाठी वेगळी नोंदणी असते. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी संस्थेचे संकेतस्थळ पाहावे, आणि जूनमध्ये गर्दी असल्याने तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत. रविवारी तिथे सहसा खेळ नसतो. त्या दिवशी सारे मैदान पायी हिंडून घ्यावे, असा माझा आग्रह राहील, कारण जे खड्डे टीवरून दिसतच नाहीत ते तेव्हा जवळून पाहता येतात.

आता वाळूविषयी. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला, नांगराच्या उपयोगाचा नसलेला उंचसखल पट्टा. आपल्याकडे पुळण संपून माडांची आगरे सुरू होण्याआधी मर्यादवेलीने झाकलेले जे उंचवटे असतात, ते डोळ्यांपुढे आणावेत. मात्र तिथे माड नाहीत, सुरूची झाडे नाहीत, वाऱ्याला आडोसा असा काहीच नाही. वाळूत पाणी ठरत नाही आणि कस नसल्याने गवत बारीक, आखूड उगवते. ते ससे आणि मेंढ्या खुरटे ठेवत. वाऱ्यापासून बचाव करण्यासाठी मेंढ्यांनी अंग घासून केलेल्या खळग्यांचेच पुढे बंकर, म्हणजे खेळातले वाळूचे खड्डे, झाले, असे सांगतात. आज या मैदानावर असे ११२ बंकर आहेत. हे मैदान पूर्वी उलट्या दिशेनेही खेळले जाई, म्हणून त्यांतले कित्येक आजच्या खेळाडूला भलत्याच जागी भेटतात.

पुण्याच्या मैदानावर चेंडू उंच उडवून ग्रीनवर, म्हणजे होलच्या भोकाभोवतीच्या आखूड हिरवळीवर, थांबवण्याची सवय आपल्याला लागली असेल; ती तिथे घात करते. जमीन टणक असल्याने उंचावरून पडलेला चेंडू उसळून पुढे जातो, आणि हवेत असतानाच वारा त्याला हवा तिकडे नेतो. म्हणून चेंडू खालून, जमिनीलगत न्यावा, आणि ग्रीनच्या तीस पावले अलीकडूनही लाज न बाळगता पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवायची काठी, वापरावा. मैदान एकाच दिशेने लांब जाऊन तसेच परत येते, त्यामुळे जाताना पाठीशी असलेला वारा येताना तोंडावर घ्यावा लागतो. त्यात भरती-ओहोटीबरोबर वारा फिरतो, असे तिथले लोक मानतात. खाऱ्या वाऱ्याची आणि मतलईची वेळ ओळखणाऱ्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये.

दोन होलांना मिळून एकच ग्रीन, अशा सात जोड्या तिथे आहेत आणि जोडीतल्या होलांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा होते : दुसरा आणि सोळावा, पाचवा आणि तेरावा. आपला झेंडा नीट पाहूनच चेंडू मारावा. आणि खेळ फसला तर मन छोटे करू नये. बॉबी जोन्ससारखा खेळाडू १९२१ मध्ये अकराव्या होलवर चेंडू उचलून घेऊन स्पर्धेबाहेर पडला होता. १९२७ मध्ये त्याच मैदानावर तो तीच ओपन स्पर्धा जिंकला, आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानद नागरिकत्व दिले.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर असे मैदान का होऊ नये? वाळू तर आपल्याकडेही आहे.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : वाळू आहे, पाऊस वेगळा आहे. तिकडे वर्षभर थोडाथोडा मिळून सुमारे सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर चार महिन्यांत कोसळून उरलेले आठ महिने जमीन कोरडी. थंड हवेतले ते बारीक गवत इथे तगणार नाही, आणि दुसरे लावले तर त्याला रोज पाणी लागेल. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून इतका उपसा केला की खारे पाणी आत शिरते, हे आगरवाल्यांना सांगायला नको. शिवाय कोकणातल्या कित्येक पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. तेव्हा माझे मत विरोधाचे आहे.

सरावाची गोष्ट मात्र निराळी, आणि ही सूचना गुहागरच्या वाचकांसाठीही आहे. ओहोटीला ओली वाळू घट्ट होते, तेव्हा सकाळी माणसे नसताना, समुद्राकडे नव्हे तर किनाऱ्याच्या लांबीने, वाऱ्याच्या तोंडावर बुटके फटके मारून पाहावेत. चेंडू तांबडा किंवा पिवळा घ्यावा. पांढरा शिंपल्यांत सापडत नाही.