एकच पल्व्हरायझर, सहा प्रकार: आधी काय दळायचं?

प्रश्न: आमच्या बचत गटाच्या एकाच पल्व्हरायझरवर (दळणाच्या यंत्रावर) नाचणीचं पीठ, सातूचं पीठ, धनेपूड, हळद, तिखट आणि शेंगदाण्याची चटणी असे सहा प्रकार निघतात. ऑर्डर येईल तसं दळतो. नाचणीच्या पिठाला तिखटाचा वास लागतो. परवा एका गिऱ्हाइकानं "यात गहू तर नाही ना?" असं विचारलं. त्यात मधूनच लाइन जाते. वेळापत्रक कसं बसवावं?
– एक वाचक भगिनी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर: ताई, ऑर्डरीची वही जरा बाजूला ठेवा. तुमचा दिवस सफाईवर ठरला पाहिजे. पिठं आणि मसाले यांचे दिवस वेगळे करा.

पिठाच्या दिवशी स्वच्छ यंत्रावर पहिली नाचणी, मग सातू, कारण सातूत गहू असतो. उलट क्रम कधीच नको. मसाल्याच्या दिवशी धने, मग हळद, शेवटी तिखट. शेंगदाणा मात्र या यंत्रात घालूच नका. त्याचं तेल जाळीला आणि बीटरला (आतल्या फिरत्या पात्यांना) चिकटतं, मागून दोन किलो तांदूळ फिरवला तरी निघत नाही. चटणीला वेगळा मिक्सर घ्या. तो परवडतो.

तिखटानंतरची सफाई हे वहीत लिहायचं काम आहे, उरल्या वेळात करायचं नाही. मेन स्विच बंद करा, झाकण उघडा, जाळी काढा, कोरड्या ब्रशनं कोपरे खरवडा. पाणी नको, ओल राहिली की पूड थापली जाते आणि बुरशी धरते. एवढं करूनही वास राहत असेल तर पिठाच्या तोंडाला बांधायची कापडी पिशवी पाहा. दोष बहुतेक वेळा तिथंच सापडतो. शिवणीत बसलेलं तिखट झटकून जात नाही. नाचणी, सातू आणि मसाला यांच्या तीन पिशव्या ठेवा, तोंडाला वेगळ्या रंगाची नाडी शिवा.

गव्हाबद्दल विचारणाऱ्याला खरं सांगा: त्याच यंत्रावर गहूही दळला जातो. पाकिटावर "ग्लुटेनमुक्त" छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल हवा. तुमच्याकडे येणाऱ्या नाचणीतच गव्हाचे दाणे असतील तर क्रम पाळूनही उपयोग नाही, तेव्हा निवडणं आधी. मसाल्यात बांधणीचा (मिश्रण केलेला) हिंग पडत असेल तर डब्यावरचे घटक वाचा. त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

लाइन गेली तर हॉपर (माल टाकायचं वरचं तोंड) झाका आणि आत अडकलेला माल त्याच प्रकारात संपवा. उरलेली पूड दुसऱ्या प्रकारात ढकलायची सवय मोडा, नाहीतर बॅच नंबराला अर्थ राहत नाही. दळण सकाळी लवकर उरका. उन्हाळ्यात यंत्रातून पूड कढत निघते. तशीच पाकिटात भरली तर आत घाम सुटतो. स्टीलच्या परातीत पसरून पूर्ण निवू द्या, मग भरा. प्रकार बदलताना आधीची रिकामी पाकिटं टेबलावरून उचलून कपाटात टाका. सातू नाचणीच्या पाकिटात गेला तर वरची सगळी मेहनत फुकट.

प्रश्न: संत्र्याचा रस सकाळी काढतो, स्क्वॅशच्या बाटल्या दुपारी भरतो. काही बाटल्या फसफसतात. – वरूड

उत्तर: रस तासन्‌तास पडून राहतो आणि उन्हात आंबतो. साखरेचा पाक आदल्या संध्याकाळी करून गाळून ठेवा, बाटल्याही तेव्हाच धुऊन वाळवा. सकाळी एका तासात भरता येतील इतकीच फळं पिळा, बिया चिरडू न देता. स्क्वॅशमध्ये रस किमान २५ टक्के आणि विद्राव्य घटक (विरघळलेली साखर वगैरे) किमान ४० टक्के हवेत. टिकवण्यासाठी घालायचं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चमच्यानं नाही, काट्यावर मोजा: किलोमागे ०.६ ग्रॅम, थोड्या स्क्वॅशमध्ये विरघळवून. त्यातून सुटणाऱ्या सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ३५० पीपीएम (किलोमागे ३५० मिलिग्रॅम) आहे. सल्फाइट किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर लेबलवर ऍलर्जीच्या घटकांत लिहावं लागतं, म्हणजे तुमच्या प्रत्येक बाटलीवर.