कापडाची कात्री घेताना: वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

या वेळी बहुतेक प्रश्न कात्रीचेच आलेत आणि मला फार बरं वाटलं. मशीन कुठलं घ्यायचं यावर लोक महिनोन्महिने घोळ घालतात, कात्री मात्र घरात सापडेल ती, दुधाची पिशवी कापायची तीच, आणि मग ब्लाउजचा गळा एका बाजूला खाली आला की दोष शिवणीला. बऱ्याचदा तो गळा कापतानाच बिघडलेला असतो. म्हणून आज बाकीचे प्रश्न बाजूला, फक्त कात्री.

प्रश्न (नाशिकहून एक ताई): शिवणक्लास लावलाय. बाईंनी "चांगली कात्री आणा" एवढंच सांगितलं. दुकानात ६ इंचापासून १२ इंचापर्यंत सगळं आहे. कुठली घेऊ?

ताई, ८ किंवा ९ इंची घ्या. हे इंच म्हणजे टोकापासून मुठीपर्यंत पूर्ण कात्रीची लांबी, नुसत्या पात्याची नाही, पातं त्याच्या निम्म्याच्या आसपास असतं. ६ इंचीने कापड कापायला घेतलं की ती सारखी बंद होते, आणि जिथे जिथे बंद होते तिथे कडेला एक बारीक दात पडतो. सरळ रेघेत तो खपून जातो पण आर्महोलच्या, म्हणजे बाही जोडतो त्या गोलाईवर लगेच दिसतो. १२ इंची ही सूट कापणाऱ्या कटिंग मास्तरांची, ती वजनदार असते, नवशिक्या हाताला झेपत नाही.

दुसरं म्हणजे मूठ बघा. कात्री टेबलावर आडवी ठेवली की खालचं पातं टेबलाला लागून सपाट बसलं पाहिजे आणि मूठ वरच्या बाजूला वाकलेली पाहिजे. सरळ मुठीच्या कात्रीत बोटांना जागा मिळावी म्हणून कापड उचलावंच लागतं, आणि कापड उचललं की वरचा थर आणि खालचा थर सरकतात, मग पुढचे दोन भाग एकमेकांशी जुळत नाहीत. एक कडी लहान अंगठ्यासाठी आणि दुसरी मोठी, तीन बोटं आरामात जातील अशी, असं असेल तर उत्तम.

आणि क्लासमध्ये पहिले काही दिवस खाकी कागदावर पेपर कटिंग शिकवतात ना, त्याला ही नवी कात्री अजिबात लावू नका. कागदात भर म्हणून खडूसारखी, मातीसारखी पूड घातलेली असते, त्यावर पात्याची धार घासली जाते. कागदाला घरातली जुनी कात्री न्या. नव्या कात्रीच्या मुठीला कापडाची लाल चिंधी बांधून ठेवा म्हणजे घरात कुणी चुकून उचलणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर): दुकानात उभं राहून कात्री चांगली की वाईट ते कळणार कसं? दुकानदार कागद कापून दाखवतो, तेवढं पुरे का?

नाही, अजिबात पुरे नाही. कागद ताठ असतो, तो बोथट कात्रीनेही कापला जातो. घरून चिंधी घेऊन जा, आणि चिंधी टू बाय टू रुबियाची न्या, कारण ते कापड पातळ आणि मऊ असतं, कात्रीची लबाडी लगेच बाहेर पडते.

आधी एकेरी चिंधी घ्या, ताणून धरू नका, सैलच राहू द्या, आणि मुळापासून टोकापर्यंत एका दमात सावकाश कापा. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा यायला हवा. मध्येच कुठे खट्ट झालं किंवा कापड चावल्यासारखं वाटलं तर तिथे खाच किंवा बर, म्हणजे धातूची उभी राहिलेली बारीक कड आहे. मग कात्री पूर्ण बंद करून चिंधीतून बाहेर ओढा. टोकाला एखादा धागा लटकून राहिला तर टोकं नीट भेटत नाहीयेत, ती कात्री परत द्या, कितीही सुंदर मूठ असली तरी. कारण आपण कटोरी ब्लाउजला, कॉलरला जे छोटे कट मारतो ते सगळे टोकानेच मारतो. नंतर तीच चिंधी चार पदरी करून कापा, चारही पदर एकसारखे कापले गेलेत का बघा.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे लोक चांगली कात्री नाकारतात. कात्री बंद करून उजेडासमोर आडवी धरली की दोन पात्यांच्या मधे बारीकशी फट दिसते. बायका म्हणतात, अहो ही वाकडी आहे, दुसरी द्या. ती फट मुद्दाम ठेवलेली असते! पाती अगदी किंचित बाकदार असतात, त्यामुळे कापताना ती एका वेळी एकाच ठिकाणी एकमेकांना भेटतात आणि तो भेटण्याचा बिंदू मुळापासून टोकाकडे सरकत जातो, कापड कापलं जातं ते तिथे. पाती पूर्ण चिकटून असती तर नुसती घासत राहिली असती. फट मधे असावी, टोकाशी नसावी, एवढं लक्षात ठेवा. लोक धार धार करतात पण धार नंतरही लावून मिळते, पाती एकमेकांना नीट भेटत नसतील तर कितीही धार लावा, कापड दोन पात्यांत दुमडून बसणार.

शेवटचं, स्क्रू. एक मूठ धरा, कात्री अर्धी उघडा आणि दुसरी मूठ सोडून द्या. ती सावकाश खाली येऊन मधेच थांबली तर छान. धाडकन बंद झाली तर ढिली आहे, जागची हललीच नाही तर जाम आहे. ढिलं-जाम हे स्क्रू फिरवून दुरुस्त होतं, म्हणून स्क्रूवालीच घ्या, ठोकलेल्या रिबिटवाली नको.

प्रश्न (पुणे): मेरठची कात्री की परदेशी ब्रँड? काकू मेरठचीच घे म्हणतात, युट्यूबवर सगळे नारिंगी मुठीची दाखवतात.

काकूंचं म्हणणं हलक्यात घेऊ नका. मेरठमध्ये कात्र्यांचा धंदा तीनशेहून जास्त वर्षांचा आहे असं सांगतात, तिथे अख्खा कैंची बाजार आहे, आणि मेरठच्या कात्रीला २०१३ साली जीआय टॅगही, म्हणजे त्या गावाच्या नावाची सरकारी नोंदही मिळाली. विशेष म्हणजे ती पाती बरीचशी गाड्यांच्या भंगारातून, कमानपाट्याच्या पोलादातून बनतात. ते पोलाद मुळातच चिवट, धक्के खायला बनवलेलं, त्यात हाताने ठोकून, घासून पातं तयार होतं. "दादा ले, पोता बरते" अशी तिकडे म्हणच आहे, आजोबांनी घ्यावी आणि नातवाने वापरावी. तिचा मोठा फायदा म्हणजे ती उघडता येते, धार लावता येते, पुन्हा पुन्हा. तोटे दोन. एक, हाताने बनते त्यामुळे एकाच दुकानातल्या दोन कात्र्या सारख्या निघत नाहीत, वरची चिंधीवाली परीक्षा इथे सक्तीची समजा. दोन, ती वजनाला जड आणि गंज धरते.

नारिंगी मुठीची म्हणजे फिनलंडची फिस्कार्स, त्यांनी १९६७ मध्ये प्लास्टिकच्या मुठीची ही कात्री आणली. हलकी, स्टेनलेस, हाताला सुखाची, आणि प्रत्येक नग जवळपास सारखा, त्यामुळे ऑनलाइन मागवायची असेल तर ती जास्त भरवशाची. पण ऑनलाइन नकलाही खूप आहेत, फार स्वस्त दिसली तर थांबा. माझं मत विचाराल तर, दुकानात जाऊन निवडणार असाल आणि रोज शिवणार असाल तर मेरठची, आठवड्यातून एकदा शिवणार असाल आणि मनगट नाजूक असेल तर हलकी स्टेनलेसची.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक आई): माझी लेक ११ वर्षांची, डावखुरी. शिवायची फार हौस आहे पण कात्रीने कापड कापलंच जात नाही, नुसतं दुमडतं. रडकुंडीला येते. उजव्या हाताची सवय लावू का?

अजिबात लावू नका. चूक तिची नाहीच, कात्रीची आहे. उजव्या हाताने कात्री दाबताना अंगठा नकळत बाहेर ढकलतो आणि बोटं आत ओढतात, त्या जोराने दोन्ही पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच जोर पात्यांना एकमेकांपासून दूर नेतो, मधे फट पडते आणि कापड त्यात जाऊन दुमडतं. शिवाय वरचं पातं खडूची रेघ झाकतं, त्यामुळे तिला मान वाकडी करून बघावं लागत असणार, बघा बरं तसं करते का.

तिला खरी डावखुऱ्यांची कात्री घ्या. इथे एक फसगत होते, काही पाकिटांवर दोन्ही हातांसाठी असं लिहिलेलं असतं, त्यात फक्त मूठ दोन्हीकडून सारखी असते, पाती उजव्या हाताचीच. ओळखायचं असं: टोकं समोर करून कात्री धरा आणि उघडा. वरचं पातं उजवीकडे असेल तर उजव्यांची, डावीकडे असेल तर डाव्यांची. कात्री उलटी केली तरी हे बदलत नाही. तिकडे दुकानात सहज मिळेल. ७-८ इंची घ्या आणि तिला जाड सुती कापडावर आधी लांब लांब सरळ कापू द्या. आणि तिला सांगा की तिचा हात अगदी बरोबर आहे.

प्रश्न (ठाणे): शिफॉन, जॉर्जेट कापताना कापड पळतं. आणि आईच्या जुन्या पैठणीचा ड्रेस शिवायचाय, ती कापायला हात धजत नाही.

पळणाऱ्या कापडाला बारीक दातऱ्याची कात्री मिळते. झिगझॅग नव्हे हं, एका पात्याला डोळ्याला जेमतेम दिसतील असे दाते असतात, ते कापड धरून ठेवतात. पण ती दुसरी कात्री म्हणून घ्या, कारण साध्या चाकावर धार लावली की ते दाते जातात. नसेल घ्यायची तर टेबलावर आधी जुनी सुती चादर अंथरा, वर शिफॉन, टाचण्या शिलाईच्या मार्जिनमध्ये लावा, खालचं पातं चादरीवरून उचलू नका आणि कात्री पूर्ण बंद न करता पुढे सरकत राहा. हलकी खळ देऊन वाळवलं तर कापड अजून शहाण्यासारखं वागतं, फक्त एका कोपऱ्यावर आधी करून बघा, डाग तर पडत नाही ना.

पैठणीचं म्हणाल तर हात धजत नाही ते चांगलंच आहे. आधी पूर्ण ड्रेस जुन्या चादरीचा कापून शिवून अंगावर घालून बघा. मग पैठणीवर आखणी करून, रेघेच्या आत मशीनची एक टीप मारून घ्या, म्हणजे जरीचे धागे सुटणार नाहीत. काठ आणि पदर कापताना नवीकोरी कात्री नको, जरीत धातू असतो, पात्याला ओरखडे पडतात. धार असलेली पण थोडी वापरलेली कात्री घ्या आणि टोकाने नाही, मुळाशी धरून कापा, जोर तिथे जास्त मिळतो.

प्रश्न (रत्नागिरी): धार गेली. फॉइल कापलं की धार येते म्हणतात, खरं का? सायकलवर धारवाले येतात त्यांच्याकडे देऊ का? आणि पावसाळ्यात गंज चढतो त्याचं काय?

फॉइलने धार येत नाही. कडेला बारीक बर उभी राहिली असेल तर ती जरा सपाट होते, चार दिवस बरं वाटतं, एवढंच. सँडपेपर चांगल्या कात्रीला लावूच नका.

धारवाल्या दादांकडे जरूर द्या, पण शेजारी उभ्या राहा. धार फक्त बाहेरच्या उतरत्या कडेला लावायची, आतली सपाट बाजू चाकाला लागता कामा नये, ती घासली गेली की तो बाक जातो आणि मग कात्री संपली. चाकावर एकाच जागी दाबून धरलं तर पातं तापतं, निळसर झाक आली तर तिथल्या पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, तिथे पुन्हा धार टिकणार नाही. म्हणून हलक्या हाताने, थांबत थांबत लावायला सांगा, आणि पैसे देण्याआधी तीच रुबियाची चिंधी टोकापर्यंत कापून बघा.

आणि धार गेली असं वाटलं तर आधी खात्री करा. प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडकत असेल तर कधीतरी टाचणीवरून कात्री गेलेली आहे. सगळीकडेच कापड दुमडत असेल तर स्क्रू पाव आटा घट्ट करून बघा, अर्ध्या वेळा तेवढ्यात काम होतं.

गंजासाठी मशीनचं तेल. रत्नागिरीची हवा खारी, त्यात पाऊस, मग जून ते सप्टेंबर दर आठवड्याला स्क्रूवर एक थेंब टाका, दहा-बारा वेळा उघडझाप करा, पाती आतून-बाहेरून तेलाच्या बोटाने पुसा आणि नंतर टाकाऊ सुती चिंधी कापा म्हणजे जादा तेल तिच्यात जाईल, गिऱ्हाइकाच्या कापडाला लागणार नाही. स्क्रूपाशी पॉलिस्टरचा भुसा साठतो, तोही जुन्या टूथब्रशने काढा, ओल धरून ठेवतो तो. खोबरेल लावू नका, चिकट होतं.

प्रश्न (नागपूर): झिगझॅग कात्री घेतली तर ओव्हरलॉक करायची गरज नाही ना?

गरज आहे. ओव्हरलॉक म्हणजे कापडाची कड धाग्याने बांधणं, झिगझॅग कात्री ती फक्त दातेरी कापते. घट्ट विणीच्या सुती कापडाला ती ठीक, सैल विणीचं कापड दोन धुण्यांत उसवायला लागतं. धार लावणंही अवघड. सुरुवातीला हा खर्च टाळा, त्या पैशात चांगला धागा कटर घ्या.

प्रश्न (सातारा): आमचा बचत गट जुन्या साड्यांच्या गोधड्या करतो. दिवसभर चौकोन कापून अंगठ्याचा सांधा दुखतो. हलकी कात्री घेऊ का?

काकू, तुमच्या कामाला कात्रीपेक्षा रोटरी कटर बरा. गोल पात्याचा, चाकासारखा फिरणारा, जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये काढला आणि जगभरातल्या रजया करणाऱ्यांनी उचलून धरला. खाली त्याची खास मॅट, वर जाड पट्टी, आणि तीन-चार पदर एका फटक्यात सरळ कापले जातात, अंगठ्याची उघडझाप संपली. मॅटशिवाय वापरू नका, फरशीवर पातं लगेच मरतं. पातं फार धारदार असतं, खाली ठेवताना दर वेळी झाकण लावायचं, घरात लहान मुलं असतील तर हा नियमच करा. गटात मिळून एक संच घेतला तर खर्चही वाटला जाईल.

गोलाईसाठी कात्री लागेलच, तिथे आपोआप उघडणारी स्प्रिंगची हलकी ८ इंची घ्या. आणि तुम्ही बहुतेक जणी जमिनीवर बसून कापत असणार. तसं करताना मनगट वर उचललेलं राहतं आणि सगळा भार अंगठ्यावर येतो. कमरेइतक्या उंचीचं टेबल मिळवा, नाहीतर दाराची जुनी फळी दोन स्टुलांवर टाका, ती डगमगत नाही एवढं बघा, आणि उभ्याने कापा. तरीही दुखणं थांबलं नाही, किंवा रात्री बोटांना मुंग्या यायला लागल्या, तर बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.