आधी व्हिसा, मग विमानाचं तिकीट

इंग्रजी चांगलं आहे म्हणून परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळेलच, हे आधी डोक्यातून काढ. काही देश तर पासपोर्ट बघूनच दार उघडतात. दक्षिण कोरियाचा ई-टू व्हिसा, म्हणजे परकीय भाषा शिकवणाऱ्यांचा व्हिसा, मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या 7 देशांच्या नागरिकांसाठी आहे. तेव्हा जाहिरातीतला पगार नंतर वाच, पात्रता आधी.

पदवी बहुतेक ठिकाणी लागतेच. प्रमाणपत्र घ्यायचंच तर सेल्टासारखं घे, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचं केंब्रिजचं प्रमाणपत्र. 120 तासांच्या त्या अभ्यासक्रमात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर 6 तास शिकवावं लागतं आणि शिकवताना परीक्षक मागे बसलेला असतो. घाम फुटतो, पण नुसते व्हिडिओ बघून मिळालेल्या कागदाला ती सर नाही. पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, देश सोडण्यापूर्वीच करून घे. परक्या देशात बसून ते काम म्हणजे डोकेदुखी.

मुलाखतीत बहुधा नमुना पाठ घ्यायला सांगतात. माझ्या पहिल्या पाठात मी वीस मिनिटं व्याकरण समजावत बसलो, विद्यार्थ्यांच्या तोंडून एक वाक्य निघालं नाही. नोकरी गेली, अर्थात. तू कमी बोल, त्यांना बोलतं कर. फळ्यावर एक चित्र काढून दहा प्रश्न विचारलेस तरी चालेल.

आणि हो, पर्यटक व्हिसावर 'तू ये तर, कागदपत्रं नंतर बघू' म्हणणाऱ्या संस्थेला सरळ नाही म्हण. करारात आठवड्याचे तास, घरभाडं आणि नोटिशीची मुदत लिहिलेली हवी. पासपोर्ट 'सांभाळायला' मागितला तर देऊ नकोस.